इंचाला अडीचशे टन

जालन्याच्या एमआयडीसीत माझ्या मामांचा वजनकाटा आहे. रात्री दोनला जा नाहीतर पहाटे पाचला, बाहेर गाड्यांची रांग असतेच. भंगाराने भरलेला ट्रक काट्यावर चढतो, लोखंडी पाट्या करकरतात, केबिनमधले लाल आकडे थोडे मागेपुढे नाचून स्थिरावतात आणि पावती निघते. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं. वजाबाकी म्हणजे माल.

दिवाळीत काट्यावर बसलो होतो तेव्हा त्यांना मोबाइलवर एका जहाजाचा व्हिडिओ दाखवला. ‘पॉल आर. ट्रेगर्था’ असं जहाजाचं नाव. लांबी हजार फुटांच्या वर.

‘‘मामा, हे समुद्रावरचं नाही बरं का. तळ्यावरचं आहे.’’

‘‘माल किती बसतो?’’

‘‘अडुसष्ट हजार टन.’’

मामांनी पावतीच्या मागे आकडेमोड केली. पंचवीस टनी गाडी धरली तर सत्तावीसशे गाड्या. एका गाडीला पाच मिनिटं धरली तर काटा नऊ दिवस आणि नऊ रात्री बंद करायचा नाही. पेन खाली ठेवून म्हणाले, ‘‘आन् एवढा माल तळ्यातून कामून नेतेत?’’

त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो, ते इथे मांडतो आहे.

आधी ‘तळं’ या शब्दाची दुरुस्ती. आपल्या डोळ्यांसमोर तळं म्हटलं की पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय येतो. त्याचा पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणून आपण त्याला सागर म्हणतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर गोड्या पाण्याची पाच महासरोवरं आहेत: सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, इरी आणि ऑन्टारियो. त्यातलं एकटं सुपीरियर सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटरचं आहे. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून सुमारे ६५ हजार भरतात. म्हणजे संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आणि हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत सगळं त्यात बुडवलं तरी चारही बाजूंनी पाणी उरेल. जायकवाडी काठोकाठ भरलं तर जेवढं पाणी मावतं, त्याच्या चार हजार पटींहून जास्त पाणी एकट्या सुपीरियरमध्ये आहे.

पण नुसतं पाणी आहे म्हणून कोणी जहाज चालवत नाही. एका काठावर असं काहीतरी हवं, ज्याची दुसऱ्या काठाला गरज आहे. तिथे ते होतं आणि त्याचं नाव लोखंड.

लोखंड बनवायला तीन गोष्टी लागतात: खनिज, कोक आणि चुनखडी. खनिज म्हणजे ऑक्सिजनशी घट्ट बांधलं गेलेलं लोखंड. कोक म्हणजे दगडी कोळसा हवेशिवाय भाजून उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन. भट्टीत तो जळतो, उष्णता देतो आणि खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. चुनखडीचं काम गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. काहिलीत रस उकळायला लागला की आपण भेंडीचं पाणी सोडतो, घाण वर येते आणि झाऱ्याने मळी काढून टाकतो. चुनखडी भट्टीत तेच करते. खनिजातली माती-वाळू धरून ठेवते आणि ती वितळलेल्या लोखंडावर तरंगायला लागते. एक टन कच्चं लोखंड काढायला साधारण दीड टन खनिज जातं.

आता नकाशा बघा. खनिज सुपीरियरच्या वायव्येला, मिनेसोटा राज्यातल्या मेसाबी डोंगररांगेत. चुनखडी मधे, ह्युरॉनच्या काठावर रॉजर्स सिटीला. तिथली खाण जगातल्या सर्वांत मोठ्या चुनखडी खाणींपैकी एक आहे. आणि कोळसा पार दुसऱ्या टोकाला, इरी सरोवराच्या दक्षिणेला, पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत. तिघांच्या मधे पाणी. म्हणून पोलादाचे कारखाने पाण्याच्या खालच्या काठांवर उभे राहिले: मिशिगनच्या दक्षिण टोकाला गॅरी, इरीच्या काठावर क्लीव्हलँड, नदीकाठी डेट्रॉइट आणि कॅनडाच्या बाजूला हॅमिल्टन. डेट्रॉइटच्या मोटारींचा पत्रा याच पाण्यावरून आलेल्या खनिजाचा.

पूर्वी या धंद्यात रिटर्न भाडंही होतं. जहाज खनिज घेऊन खाली यायचं आणि वर जाताना कोळसा न्यायचं. रिकामी गाडी परत नेण्याचं दुःख ट्रकवाल्यांना माहीत असतं, त्यामुळे त्या काळच्या जहाजमालकांचं सुख त्यांना लगेच कळेल. आता बरीच जहाजं रिकामीच परततात.

पाण्यावरून वाहतूक स्वस्त का पडते, हे नाथसागराच्या काठावर कधीही बघता येतं. मासे उतरवून झाले की एकटा माणूस दोर धरून होडी काठाकाठाने ओढत नेतो. तीच होडी वाळूवर चढवायला चौघं लागतात. जमिनीवर वजन चाकांवर येतं, चाकं रस्त्याला घासतात आणि प्रत्येक चढाला ते वजन पुन्हा उचलावं लागतं. पाण्यात वजन पाणीच उचलतं. इंजिनाला फक्त पाणी बाजूला सारायचं असतं आणि सावकाश गेलं तर त्याला फारशी ताकद लागत नाही. खनिज नाशवंत नाही, त्याला घाईही नाही. भाजीचा धंदा असता तर हे जमलं नसतं.

मेसाबीचं खनिज सुरुवातीला इतकं चांगलं होतं की जमिनीतून काढा आणि सरळ जहाजात ओता. दोन महायुद्धांनी ते ओरबाडून नेलं. मागे उरला टॅकोनाइट, म्हणजे लोखंडाचं प्रमाण पंचवीस-तीस टक्के असलेला आणि पोलादी छिन्नीलाही दाद न देणारा दगड. मिनेसोटा विद्यापीठातले एडवर्ड डेव्हिस अनेक वर्षं या दगडाच्या मागे लागले होते. शेवटी बसलेली पद्धत अशी: दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, चुंबकाने लोखंडाचे कण उचलायचे, त्यात थोडी चिकणमाती मिसळायची, फिरत्या पिंपात त्याच्या गोळ्या वळायच्या आणि त्या भाजायच्या. बाहेर पडते ती गोटीएवढी, काळपट तांबूस गोळी, जिच्यात सुमारे ६५ टक्के लोखंड असतं. १९५५-५६ च्या सुमारास सुपीरियरच्या काठावर सिल्व्हर बे इथून या गोळ्या मोठ्या प्रमाणावर निघायला लागल्या. या गोळीने वाहतूकही सोपी केली. जुनं खनिज ओलं असायचं आणि थंडीत त्याचे ढेकळासारखे गठ्ठे गोठायचे. गोळ्या मात्र ज्वारीसारख्या घरंगळतात.

घरंगळणारा माल भरायची तऱ्हाही बघण्यासारखी. धक्का पाण्यात आत गेलेला आणि इमारतीएवढा उंच, त्याच्या माथ्यावर रेल्वेचे रूळ. वॅगन वरून कप्प्यांत माल सोडतात आणि खाली जहाज लागलं की कप्प्यांच्या घसरगुंड्या खाली येतात. माल स्वतःच्या वजनाने जहाजात पडतो. या घसरगुंड्या बारा-बारा फुटांवर होत्या, म्हणून जहाजाच्या पोटाची झाकणं चोवीस-चोवीस फुटांवर ठेवली गेली. १८६९ साली क्लीव्हलँडला ‘आर. जे. हॅकेट’ नावाचं लाकडी जहाज बांधलं गेलं. सुकाणूची खोली पुढच्या टोकाला, इंजिन मागच्या टोकाला आणि मधे सगळी माल भरायची मोकळी जागा. पुढची शंभर वर्षं या सरोवरांवरची मालवाहू जहाजं याच साच्यातून निघाली.

भरणं सोपं, उतरवणं अवघड. कुठल्याही मोंढ्यातला हमाल हे सांगेल. फावड्या-टोपल्यांनी जहाज रिकामं करायला दिवस लागायचे. १८९९ मध्ये जॉर्ज ह्यूलेट नावाच्या माणसाच्या यंत्राने ते काम घेतलं. प्रचंड लोखंडी हात, त्याच्या टोकाला माल उचलणारा पंजा, आणि पंजाच्या अगदी वर, त्या हाताच्या आतच चालक बसलेला. दर फेरीला तो माणूस जहाजाच्या पोटात उतरायचा आणि मालासकट वर यायचा. त्यानंतर जहाजानेच हे काम शिकून घेतलं. आजच्या जहाजाच्या पोटाचा तळ नरसाळ्यासारखा उतरता असतो, त्याला खाली झडपा आणि झडपांखाली पट्टा. झडपा उघडल्या की माल पट्ट्यावर, पट्टा वर चढतो आणि अडीचशे फुटी लांब हातावरून माल काठावर ढिगाने पडतो. धक्क्यावर ना क्रेन लागते ना माणसांची फौज. एक मोकळं मैदान असलं की झालं. सत्तावीसशे गाड्यांचा माल बारा तासांच्या आत खाली.

आता मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटलेली गोष्ट. जहाजाला वजनकाटा लागत नाही, पाणीच त्याचा काटा असतो. जहाजाच्या पुढच्या-मागच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते वाचायचं आणि माल किती ते काढायचं. भरलेल्याचा आकडा, रिकाम्याचा आकडा आणि वजाबाकी. म्हणजे मामांचंच गणित.

हिशोब हातानेही करता येतो. जहाज ३०५ मीटर लांब, ३२ मीटर रुंद. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. तिघांचा गुणाकार सुमारे २४८ घनमीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि तरंगणारं जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढंच त्याचं वजन. तेव्हा जहाज एक इंच आणखी बुडालं, की अडीचशे टन जास्त माल. इंचाला दहा ट्रक.

इथेच खरा पेच आहे. सुपीरियर सर्वांत खोल जागी ४०६ मीटर आहे. तिथे जहाज किती बुडतं याला काही अर्थ नाही. पण एका सरोवरातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या नद्यांतून जावं लागतं आणि तिथे तळ खोदून केलेली वाट साधारण २७ फुटांची. घर कितीही मोठं असो, बैलगाडी वाड्याच्या दारातून जाईल तेवढीच भरता येते. जहाज किती भरायचं हे सरोवर ठरवत नाही, नदीतला उंबरठा ठरवतो. पाऊस-बर्फ कमी झालं आणि पातळी फूटभर उतरली, की प्रत्येक फेरीला तीन हजार टन माल धक्क्यावरच सोडून निघायचं. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन आणि ह्युरॉनची पातळी तिथल्या मोजणीच्या इतिहासातली सर्वांत खाली गेली होती. आपण रोज सकाळी पेपरात जायकवाडीचे टक्के बघतो, तसे तिथले कप्तान इंच बघत होते.

आणि सरोवरं एका पातळीवरही नाहीत. ती जिन्यासारखी आहेत. सुपीरियर समुद्रसपाटीपासून १८३ मीटरवर, त्याखाली ह्युरॉन आणि मिशिगन, मग इरी आणि सर्वांत खाली ७५ मीटरवर ऑन्टारियो. सुपीरियर आणि ह्युरॉनच्या मधल्या नदीला सुमारे २१ फुटांची खळाळती उतरण आहे. १८५५ पर्यंत तिथे माल उतरवून जमिनीवरून पलीकडे नेत आणि पुन्हा दुसऱ्या जहाजात भरत. त्या वर्षी याच नदीवर, सू या गावी, पहिला मोठा जलपाश झाला. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला भलामोठा हौद. वरचं दार उघडं, जहाज आत येतं, दार बंद. मग खालची झडप उघडून हौदातलं पाणी नदीत सोडायचं. पाणी उतरतं तसं जहाज उतरतं आणि खालच्या पातळीला आलं की पुढचं दार उघडतं. वर चढायचं असेल तर वरून पाणी सोडायचं. पंप नाही की मोटार नाही, सगळं पाणी उतारानेच वाहतं. आपल्या बारवेत माणूस पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरतो; इथे पाणीच पायरी होतं.

तिथला सर्वांत मोठा, पो नावाचा जलपाश ११० फूट रुंद आहे. हजार फुटी जहाज १०५ फूट रुंद. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. मामांच्या काट्यावर ट्रक चढवताना क्लीनर खाली उतरून ‘‘येऊ दे, येऊ दे’’ म्हणत हात हलवतो, तेव्हा मला ही अडीच फुटं आठवतात.

इरी आणि ऑन्टारियोच्या मधे तर नायगारा धबधबा. त्याला वळसा घालून वेलँड कालवा आहे, आठ जलपाशांचा, जवळपास शंभर मीटर उतरवणारा. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स नदीतला जलमार्ग खुला झाला आणि समुद्रावरची जहाजं थेट आत येऊ लागली. पण त्या जलपाशांत सव्वादोनशे मीटरपर्यंतचीच जहाजं मावतात. म्हणून हजार फुटांची जी तेरा जहाजं १९७२ ते १९८१ या काळात बांधली गेली, ती जन्मभर वरच्या सरोवरांतच. माजघरात सुताराने बांधलेलं कपाट दारातून बाहेर निघत नाही, तसं. त्यांतल्या पहिल्याची गंमत तर अशी, की नाक आणि शेपूट दूर मिसिसिपी राज्यात बांधली, दोन्ही एकमेकांना जोडून छोटं जहाज करून आत आणली आणि इरीच्या काठावर पुन्हा कापून मधे लांबलचक पोट बसवलं.

समुद्रातून येणाऱ्या जहाजांनी एक नको असलेला पाहुणाही आणला. रिकामं जहाज डुगडुगू नये म्हणून पोटात पाणी भरून निघतं आणि माल भरताना ते सोडून देतं. त्या पाण्यातून काळ्या समुद्राकडचे नखाएवढे पट्टेरी शिंपले आले आणि १९८८ मध्ये ते तिथे पहिल्यांदा सापडले. पुढे शहरांच्या पाण्याच्या पाइपांची तोंडं त्यांनी बुजवली.

बाकीचा माल थोडक्यात. कॅनडाचा गहू थंडर बे बंदरातून निघतो. धान्याच्या बाबतीत बफेलो शहराचं नाव घ्यायला हवं. तिथे मजूर पाठीवरून धान्य उतरवत असत, तेव्हा १८४२-४३ मध्ये जोसेफ डार्ट याने वाफेवर चालणारी, डब्यांची माळ असलेली पट्ट्याची रहाटी बसवली, जी जहाजातलं धान्य उचलून थेट कोठारात टाकायची. जुन्या विहिरीवरची राहाट-माळ डोळ्यांसमोर आणा, फक्त पाण्याच्या जागी गहू. याशिवाय सिमेंट आहे. मीठही आहे, पण खायचं नाही, रस्त्यांवर फेकायचं; हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून. ह्युरॉनच्या काठावर गॉडरिच इथे सरोवराच्या तळाखाली पाचशेहून जास्त मीटरवर मिठाची खाण आहे, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण.

या धंद्यालाही गळीत हंगाम असतो. १५ जानेवारीला सूचे जलपाश बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. मधे सगळं गोठलेलं. जहाजं बंदरात बांधून ठेवायची, इंजिनं खोलायची, पट्टे बदलायचे, रंग द्यायचा. कारखान्याचा पट्टा पडला की फिटर आणि वेल्डरचे दिवस सुरू होतात, तसंच. गोड्या पाण्यात लोखंडाला समुद्राइतका गंज चढत नाही, म्हणून तिथली जहाजं म्हातारी होऊनही चालतात. १९०६ साली पाण्यात उतरलेलं एक जहाज २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर सिमेंट वाहत होतं.

हंगामाची अखेर मात्र वाईट. नोव्हेंबरात सरोवराचं पाणी हवेच्या मानाने अजून उबदार असतं आणि वरून उत्तरेचा गारठा येतो. त्या भेटीतून जी वादळं उठतात ती समुद्राला लाजवतील. १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे जहाज २६ हजार टन टॅकोनाइटच्या गोळ्यांसह सुपीरियरमध्ये बुडालं. मदतीची हाक आली नाही. २९ माणसं होती, एकही वाचला नाही. नेमकं का बुडालं, यावर अजून वाद चालतो.

मग जालन्याचं काय? इथे खनिज नाही, कोळसा नाही आणि पाण्याची वाट तर नाहीच. तरी सळईसाठी जालन्याचं नाव राज्यभर आहे. याचं कारण इथे खनिजापासून लोखंड काढतच नाहीत. इंडक्शन भट्टी विजेवर चालते आणि मुख्यतः भंगार वितळवते. ऑक्सिजन काढून घेण्याचं जड काम कोणीतरी, कुठेतरी, कधीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. त्यामुळे दीड टन खनिज आणि त्यावर कोक, चुनखडी ओढत आणायची गरज उरत नाही. एक टन सळईला एक टनापेक्षा थोडंच जास्त भंगार पुरतं आणि ते ट्रकने आणणं परवडतं. तिथे पाण्याने कारखान्याची जागा ठरवली, इथे भंगाराने पाण्याची अट काढून टाकली.

नाथसागरावर मालवाहू जहाजाची कल्पना करून पाहिली, पण ती टिकत नाही. भरलेल्या धरणाची पातळी १५२२ फूट. उन्हाळ्यापर्यंत पाणी इतकं मागे सरतं की सोडलेल्या जमिनीत लोक गाळपेरा करतात. धक्का बांधला तर मे महिन्यात त्याच्यासमोर टरबुजं असतील. तरी कागदावर आपणही मागे नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग आहेत आणि त्यात आपली मांजरा नदीही आहे. तो कायदा लागू झाला तो एप्रिल महिना. त्याच एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागत होतं.

हे सगळं परवा मामांना सांगितलं. काट्यावर गाडी होती, त्यामुळे ते अर्धंच ऐकत असतील असं वाटलं. पावती फाडून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘म्हंजे तिकडं पाऊस कमी झाला की एका इंचाला दहा गाड्यांचा माल कमी.’’

‘‘हो.’’

‘‘आपल्याकडं उलटं हाय. तू म्हणतो त्या तेराच्या साली पाऊस नव्हता, तर काट्यासमोरून जाणाऱ्या गाड्या वाढल्या होत्या.’’

‘‘कसल्या?’’

‘‘टँकरच्या.’’